पावणेतीन लाखांची तयारी आणि साडेआठ लाखांची गरज : चिपळूणच्या एका घरखरेदीचं प्रकरण

२०२४च्या गणपतीनंतर, गौरी-विसर्जनाचा शीण उतरायच्या आत, एक जोडपं माझ्याकडे आलं. मी चिपळुणात गृहकर्जाच्या फायली करतो. तो लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर, हातात २८,००० रुपये. ती खासगी इस्पितळात परिचारिका, १७,०००. गाव गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. दोघं सात वर्षं भाड्याने राहत होती आणि मुलगी पुढच्या जूनमध्ये पहिलीत जाणार होती. दोघांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितो आहे. नावं द्यायची नाहीत हे आधीच ठरलं आहे.

घर बघून झालं होतं. मार्केटच्या वरच्या बाजूला, दहाएक वर्षं जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालायला छोटी गॅलरी. किंमत २८ लाख. मालकाला ५१,००० रुपये टोकन देऊन झालेलं आणि त्याची एका वहीच्या पानावर पावती. पावतीत एवढंच लिहिलेलं की, व्यवहार मोडल्यास रक्कम परत मिळणार नाही. कर्ज नामंजूर झालं तर काय, याबद्दल एक अक्षर नाही.

त्यांचा हिशोब सरळ होता. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत पैसे देऊ शकते, हे त्याला कारखान्यातल्या मित्राने सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. रिझर्व्ह बँकेची मर्यादा तशीच आहे. ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. म्हणजे २८ लाखांचे १० टक्के, २,८०,००० आपले. जवळ टोकन धरून ३,४०,००० होते. वर साठ हजार उरतात, त्यात भांडीकुंडी हलवू, असं ती म्हणाली.

मी विचारलं, "बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला का?"

"नाही काका. पुढच्या आठवड्यात येणार."

तिथेच मला काळजी वाटायला लागली.

जिन्यातली रेघ

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा या इमारतीचं पार्किंग आणि तळमजला बुडाला होता. दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा थेंब पोचला नव्हता. पण जिन्याच्या भिंतीवर, वीजमीटरच्या पेटीच्या वीतभर वर, मातकट रंगाची आडवी रेघ अजून आहे. सोसायटीने दोनदा रंग दिला, ती पुन्हा वर येते. व्हॅल्युअरने तिच्यावर टेप लावला, जमिनीपासूनची उंची मोजली, मोबाइलने फोटो काढला आणि एक शब्द न बोलता वर गेला. मी त्या दिवशी बरोबर होतो. त्याच्या मागे जिना चढताना तिने एकदा त्या रेघेकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

मूल्यांकन आलं २५,३०,०००. इमारतीचं वय, पुराचा इतिहास, पार्किंगची अवस्था, सगळं अहवालात नमूद. बँक कर्ज देते ते करारातली किंमत आणि मूल्यांकन यातल्या कमी रकमेवर. शिवाय ९० टक्के ही वरची मर्यादा आहे, बँकेवर तेवढं द्यायची सक्ती नाही. या बँकेने अशा इमारतीला ८५ टक्के लावले. मंजुरी मिळाली २१,५०,०००ची.

मग त्यांच्यासमोर बसून मी कागदावर मांडलं. किंमत आणि कर्ज यातला फरक ६,५०,०००. मुद्रांक शुल्कासाठी धरले १,४०,०००. नोंदणी फी एक टक्का, २८,००० (महाराष्ट्रात ती जास्तीत जास्त ३०,०००). वकील, शोध अहवाल, बँकेची प्रक्रिया फी, सोसायटीचं हस्तांतरण, वीजमीटर नावावर करणं, मिळून ४५,०००. एकूण ८,६३,०००. मुद्रांक आणि नोंदणी या खर्चावर बँक सहसा कर्ज धरत नाही. घर दहा लाखांच्या आतलं असेल तर रिझर्व्ह बँकेने ती मुभा ठेवली आहे, आणि दहा लाखांत आता चिपळुणात काय मिळतं?

जवळ ३,४०,०००. तूट ५,२३,०००. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "टोकन सोडून देऊ का?"

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. डाउन पेमेंट म्हणजे दहा टक्के असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि खरा आकडा टोकन दिल्यानंतर कळतो. मूल्यांकन आधी करून घेता येतं. त्याला काही हजार लागतात. ते वाचवायला जाऊन लोक पन्नास हजार अडकवतात आणि मला दर वेळी तेवढंच वाईट वाटतं.

पहिली मदत मालकाकडून

पैसे मागायला नातेवाइकांकडे जाण्याआधी मी त्याला अहवाल घेऊन मालकाकडे पाठवलं. विकणाऱ्यालाही हे समजायला हवं की, पुढचं कुठलंही गिऱ्हाईक कर्जावर घेणार असेल तर त्यालाही हाच आकडा दिसणार आहे. मालक मुंबईला असतो, गणपतीला आलेला, परत जायच्या घाईत होता. पहिल्या बैठकीत त्याने वेगळाच तोडगा काढला : करार २५ लाखांचा करा, वरचे तीन लाख रोखीने द्या, मुद्रांकही वाचेल.

नवऱ्याला हे जवळजवळ पटलं होतं. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. करारातली किंमत उतरली की कर्जही उतरतं, म्हणजे रोख उभी करायचा बोजा वाढतो. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. आणि व्यवहार फिसकटला तर त्या तीन लाखांचा पुरावा कुठे?

दुसऱ्या बैठकीत मालक २७ लाखांवर आला, सगळे बँकेतून. नवी इसारपावती वकिलाकडून करून घेतली. तिच्यात दोन वाक्यं घातली : कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत, आणि व्यवहार पूर्ण करायला १२० दिवस. तूट आता ४,१७,०००. मुद्रांक आणि नोंदणीचे सहा हजारही कमी झाले, तेही यात आले.

घर तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं हेही इथेच ठरलं. महाराष्ट्रात निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, इथे २७,००० रुपये. वरच्या १,४०,०००मध्ये ती आधीच धरलेली होती. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती जाते. कर्जाला मात्र दोघं सहअर्जदार राहू शकतात. मालकी नसल्याने त्याला व्याजाची आयकर वजावट मिळणार नव्हती, पण दोघंही नव्या कररचनेत असल्याने तिचा तसाही उपयोग नव्हता. त्याच्या वडिलांना हे आधी रुचलं नाही. मुलाने स्वतः फोन केला आणि दहा मिनिटांत विषय मिटला.

ज्या वाटेने गेलो नाही

चार लाख सतरा हजार एका फटक्यात मिळत होते. एक एजंट पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज दोन दिवसांत द्यायला तयार होता, १४ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता ११,६३४. गृहकर्जाचा २० वर्षांचा हप्ता, त्यांना मिळालेल्या ८.५ टक्के दराने, १८,६५८. दोन्ही मिळून ३०,२९२, आणि घरात येतात ४५,०००. उरलेल्या पंधरा हजारांत वाणसामान, शाळा, गाडीचं पेट्रोल आणि गावी म्हाताऱ्यांची औषधं. शिवाय हे कर्ज क्रेडिट अहवालात दिसलं की बँक मंजूर केलेलं गृहकर्जही पुन्हा तपासते. एजंटने हे सांगितलं नव्हतं.

त्याच एजंटने केंद्राच्या योजनेतून २.६७ लाख "लगेच सुटतील" असंही सांगितलं होतं. ती जुनी व्याज अनुदान योजना. अल्प उत्पन्न गटासाठी ती मार्च २०२२लाच संपली. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० १ सप्टेंबर २०२४पासून सुरू झाली. तिच्यात वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, ३५ लाखांपर्यंतचं घर आणि २५ लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १.८० लाख. पण ते पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होतं. डाउन पेमेंटला त्यातला एक रुपया हाती येत नाही. पुढे कर्ज हलकं करायला ते मोलाचं आहे, म्हणून आम्ही अर्ज भरायला घेतला.

आणि तिथे गावचं घर आडवं आलं.

देशात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नसावं ही योजनेची अट आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. वडिलांचं घर वडिलांच्या नावावर असेल तर अडचण नाही. पण चार वर्षांपूर्वी वडिलांनी ग्रामपंचायतीत जाऊन घरपट्टीच्या उताऱ्यावर, नमुना ८वर, आपल्याबरोबर मुलाचंही नाव लावून घेतलं होतं. घर जांभ्याच्या चिऱ्याचं, वर स्लॅब. कोकणात हे घरोघरी होतं. "पुढे कटकट नको" म्हणून बाप हयात असतानाच पोरांची नावं लावून घेतात आणि पुढे कुठल्या दाराशी ते नाव आडवं येईल हे कुणाच्या ध्यानात नसतं.

"सामाईकच तर आहे, कोण बघतंय?" असं सांगणारे त्यांना चौघे भेटले. अर्जाबरोबर स्वघोषणा द्यावी लागते. मी त्यांच्यापुढे उतारा ठेवला, घोषणेचा मजकूर ठेवला आणि वाचायला सांगितलं. तिने वाचला आणि म्हणाली, "हे मी सही करून नाही देणार." १.८० लाख सोडणं ४५ हजारांच्या घराला सोपं नसतं. तरी अर्ज भरला नाही. मला त्या दोघांविषयी आदर आहे, तो त्या दिवसापासून.

म्हाडाच्या कोकण मंडळाचाही विचार झाला. त्यांच्या सोडतीतली बहुतेक घरं ठाणे-पालघरकडची. रोज सकाळी लोट्याच्या कंपनी बसमध्ये चढणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता.

चार ठिकाणचे पैसे

सगळ्यात मोठा वाटा भविष्य निर्वाह निधीचा. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं सभासदत्व झालं की घरासाठी अग्रिम मिळत होता, ३६ महिन्यांच्या पगारापर्यंत, खात्यातल्या शिलकीच्या आत. तो परत करावा लागत नाही आणि घर पत्नीच्या नावावर असलं तरी चालतं. म्हणून तिच्या नावावरच्या घराला त्याचा पीएफ लावता आला. (ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने या अटी सैल करायचा निर्णय घेतला : किमान सेवा १२ महिने आणि खात्यात २५ टक्के शिल्लक कायम.) त्याची नोकरी नऊ वर्षांची, पण पहिली तीन दुसऱ्या कंपनीत. त्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती, त्यामुळे जुनं खातं नव्यात वर्ग होईना. आधारवर नावाचं स्पेलिंग एक, पीएफमध्ये दुसरं. जुन्या कंपनीच्या गेटवर त्याने तीन शनिवार घालवले, दुरुस्तीचं संयुक्त घोषणापत्र भरलं, आणि यात सहा आठवडे गेले. इसारपावतीत १२० दिवस नसते तर याच टप्प्यावर टोकन बुडालं असतं. १,९०,००० काढले. सगळे काढू दिले नाहीत. म्हातारपणाचे पैसे आहेत, थोडे तिथेच राहू देत असा माझा आग्रह होता.

वडिलांची गावाला हापूसची चाळीस कलमं. दरवर्षी ते स्वतः फवारणी करतात, स्वतः पेट्या भरतात. त्या वर्षी बाग कराराने द्यायची ठरली. व्यापारी आला तो तीन हंगामांचा प्रस्ताव घेऊन : दोन लाख दहा हजार, आगाऊ. बापाचा जीव मुलासाठी तुटत होता, ते तयार होते. मीच अडवलं. तीन वर्षांसाठी बाग हातची गेली की करारदार मोहोर लवकर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल बेसुमार ओततो. झाड दोन वर्षं लगडतं, मग थकतं, आणि ते थकलेलं झाड म्हाताऱ्याच्या पदरात परत येतं. एकाच हंगामाचे ८०,००० ठरले. व्यापारी रोख घेऊन आला. ते पैसे आधी वडिलांच्या खात्यात भरले, व्यापाऱ्याची सहीची पावती फायलीला लावली, आणि मग वडिलांच्या खात्यातून मुलाच्या खात्यात आले. सोबत वडिलांच्या हातचं साध्या कागदावरचं पत्र : ही रक्कम मुलाला घरासाठी देत आहे, परत घ्यायची नाही. बँकेला एवढंच हवं असतं. मोठी रक्कम खात्यात कुठून आली, ती उसनी आहे की दिलेली.

आईबाप, भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी यांनी दिलेल्या भेटीवर कर लागत नाही. डोंबिवलीचा चुलत भाऊ मात्र या यादीत बसत नाही. आमच्याकडे चुलत भाऊ आणि सख्खा भाऊ यात फरक करत नाहीत, आयकर कायदा करतो. त्याने गणपतीतच, आरती झाल्यावर पडवीत बसून सांगितलं होतं की, एक लाख देतो, परत नको. भेट म्हणून घेतले आणि वर्षातल्या अशा भेटी ५०,०००च्या वर गेल्या, तर ती रक्कम आख्खी उत्पन्नात धरली जाते. म्हणून ते बिनव्याजी उसने घेतले, बँकेतून, लेखी चिठ्ठीवर : दरमहा २,५००, चाळीस महिने. भाऊ जरा दुखावला. "माझ्याकडून लिहून घेतोस?" असं म्हणाला. त्याला फोनवर मी समजावलं की चिठ्ठी त्याच्यासाठी नाही, बँकेसाठी आणि कर खात्यासाठी आहे. हा हप्ता आम्ही बँकेलाही सांगितला. गृहकर्ज धरून २१,१५८ होत होते, उत्पन्नाच्या ४७ टक्के. शाखेतल्या साहेबांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं.

झाले ३,७०,०००. राहिले ४७,०००. त्या संध्याकाळी तिने पाटल्या पुढे केल्या. मी परत पर्समध्ये ठेवायला लावल्या. बचत सगळी निघाली होती, पीएफ निघाला होता. उद्या मुलगी आजारी पडली तर रात्री दहा वाजता उपयोगी पडेल असं त्या घरात सोन्याखेरीज काही उरलं नव्हतं. दोन दिवसांनी ती एकटीच आली आणि हळूच म्हणाली, "काका, इस्पितळात आमची भिशी आहे. दहा जणी, पाच-पाच हजार. मी शेवटचा नंबर मागून घेतलाय, डिसेंबरचा." नवऱ्यालाही माहीत नव्हतं. शेवटचा नंबर म्हणजे सगळे हप्ते भरून झालेले, निव्वळ स्वतःची बचत. अशा भिशीला कागदोपत्री आधार नसतो आणि मी एरवी तिच्या भरवशावर व्यवहार ठरवू देत नाही. पण या दहाजणी आठ वर्षं एकाच वॉर्डात काम करतात. ठरलेल्या दिवशी ५०,००० तिच्या खात्यात जमा झाले, वेगवेगळ्या यूपीआय नोंदींनी.

४,२०,०००. लागत होते ४,१७,०००.

नोंदणी

जानेवारी २०२५च्या पहिल्या पंधरवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त झाला. त्याआधी बँकेच्या पद्धतीप्रमाणे स्वतःचा वाटा मालकाला देऊन त्याच्या पावत्या फायलीला लावल्या, मग कर्जाचा धनादेश निघाला. सोसायटीच्या एका पदाधिकाऱ्याने हस्तांतरणासाठी ४०,००० "ऐच्छिक देणगी" मागितली. राज्यात ही फी कमाल २५,००० आहे, नगरपरिषद हद्दीत त्याहून कमी, आणि देणगीच्या नावाने जास्त मागता येत नाही, हे लेखी दिल्यावर विषय थांबला.

उरलेल्या तीन हजारांत टेम्पो आला. शिडीवर चढून पहिला पंखा त्याने स्वतः लावला.

नमुना ८वरचं नाव कमी करायचं का, यावर बाप-लेकाचं बोलणं अजून चालू आहे. मी त्यात पडलो नाही. योजनेसाठी आता घाईने नाव काढणं मला योग्य वाटत नाही, आणि गावच्या घरावरचा हक्क हा पैशात मोजायचा प्रश्न नाही. वडिलांनी २०२५चा हंगाम संपल्यावर बाग पुन्हा स्वतःच्या हातात घेतली. गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कटतो. त्याच दिवशी डोंबिवलीला २,५०० जातात आणि त्याची नोंद ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर करते. फेब्रुवारी २०२५पासून चाळीस घरं आखलेली आहेत, शेवटचं मे २०२८चं.